निळी ताडपत्री, १८ बाय २४ : दोन पावसाळ्यांनंतर

आधी कामाचं सांगतो. १८ बाय २४ फूट म्हणून घेतलेली ताडपत्री घरी आणून खळ्यात पसरली, टेप लावली, तर भरली साडेसतरा बाय साडेतेवीस. कडा दुमडून आत दोरी घालतात, त्यात अर्धा-अर्धा फूट जातो. दुकानात म्हणाले, "ते कटिंग साइज असतं ओ." असेल. पण मी पडवीपुढचे बांबू आधीच मापाने कापून ठेवले होते. तुम्ही तसं करू नका.

दुसरं वजन. वेष्टनावर २०० जीएसएम छापलंय, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. हे कोणी तपासत नाही. मी हर्णैला भाच्याच्या मासळीच्या काट्यावर घडी टाकली. ६ किलो ९०० भरली. गणित केलं तर १८० च्या आसपास येतं. भाचा म्हणाला, "मामा, पापलेट असतं तर मी भांडलो असतो." मी भांडलो नाही. मे २०२४ मध्ये दापोलीच्या बाजारात २,४०० रुपये दिले होते, आणि पाऊस डोक्यावर आला होता.

ताडपत्रीची एवढी चिकित्सा कोण करतं, असं वाटेल. माझा तो धंदाच होता. रत्नागिरीला सिव्हिलचा डिप्लोमा, मग बरीच वर्षं ठेकेदारांकडे, आणि फेब्रुवारी २०१८ ते सप्टेंबर २०१९ बांगलादेशात कॉक्स बझारला एका मदतसंस्थेत, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीत निवाऱ्याच्या कामावर. गावात सांगायचो, बांधकामावर आहे. खरं तर बांधकाम म्हणावं असं तिथे काही करायचंच नव्हतं. ही माणसं परत जाणार आहेत, म्हणून झोपड्यांना वीट-सिमेंट लावायचं नाही, असा तिथल्या सरकारचा दंडक. बांबू, दोरी आणि ताडपत्री. कुतुपालोंगच्या टेकड्यांवर सहा लाखांवर माणसं या तीन वस्तूंखाली राहत होती. चढाला पायऱ्यासुद्धा वाळूच्या पोत्यांच्या.

तिथली ताडपत्री बाहेरून पांढरी, ४ बाय ५ मीटरची, आणि पोटात काळ्या धाग्याची वीण. काळं कशाला, असं मीही पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. आत दिवा लावला की माणसाची सावली बाहेर दिसू नये म्हणून. बायकापोरी आत असतात, रात्र असते, बाहेरून कोणीही जातं. माझ्या निळीला हे पोट नाही. पडवीत दिवा लावून सौ. तांदूळ निवडायला बसली की वरच्या रस्त्यावरून सगळा खेळ दिसतो. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "दोन हजार चारशेचा सिनेमा लावलात."

पहिला पावसाळा, २०२४. पाणी आतून कुठेही आलं नाही, याचे पूर्ण गुण. झड अडली, ओटी कोरडी राहिली, शेणी आणि लाकडं सुकी राहिली. पण उतार कमी दिलात की पाणी साठून पोट येतं, आणि ते पोट खालून काठीने ढकलायचं काम रात्री दोन वाजता करावं लागतं. फुटाला किमान तीन इंच उतार द्या. फडफड भयंकर होते. आणि वांदर. आमच्याकडे कौलं वांदरांनी फोडलेली असतात हे बाहेरगावच्यांना सांगूनही पटत नाही. ताडपत्री म्हणजे त्यांना झोळीच वाटते, आंब्यावरून थेट उडी. छावणीत आमच्याकडे हत्ती होते. छावणीच हत्तींच्या वाटेवर वसली होती, रात्री हत्ती आत शिरायचे, त्यात माणसं गेली, मग मचाणं बांधून पहारे बसवले. त्या मानाने वांदर परवडले, असं मी घरी बोललो. ते कोणाला फारसं आवडलं नाही.

पडवीत चूल पेटवत असाल तर मात्र ही वस्तू तिथे लावूच नका. मी परत आल्यावर, मार्च २०२१ मध्ये, तिथल्याच बालुखाली छावणीत आग लागली. पंधरा माणसं गेली, पंचेचाळीस हजार उघड्यावर आली. बांबू आणि प्लास्टिक, दुसरं काय होणार.

बांधायची एक रीत सांगतो, ती माझी नाही. रिंगेला दोरी बांधली की जोराच्या वाऱ्यात आधी रिंग निघते. त्यापेक्षा सुपारीएवढा गुळगुळीत दगड ताडपत्रीत गुंडाळायचा आणि त्या गाठोड्याच्या मानेला सुंभ आवळायचा. दोरीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी असेल तर उत्तम, ती ताण खाते. ही गाठ मला कुतुपालोंगच्या एका म्हाताऱ्याने शिकवली. म्हातारा म्हणजे असेल पन्नाशीचा. बांबूचं काम करायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्याची भाषा चाटगावच्या वळणाची, माझी मोडकी हिंदी, पण बांबूबद्दल बोलायला तेवढी पुरते. तिथला बांबू भुंगा एका वर्षात पोखरायचा, पुढे औषधाच्या पाण्यात मुरवून वापरायला लागले. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे चिवा अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात, मग कीड कमी लागते. तो हसला. म्हणाला, आमच्याकडेही तसंच. आमच्याकडे म्हणजे नाफ नदीच्या पलीकडे, म्यानमारात, मॉन्गडॉच्या बाजूला.

त्याच्याजवळ एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात दुसरी, तिच्यात कागद. कुटुंबाच्या यादीची झेरॉक्स, जमिनीच्या साऱ्याच्या पावत्या, आणि बापाचं तीन घडीचं जुनं राष्ट्रीय नोंदणी कार्ड. ही कार्डं १९८९ मध्ये नवी देतो म्हणून गोळा केली आणि रोहिंग्यांना नवी दिलीच नाहीत. याच्या बापाने दिलं नव्हतं, लपवलं होतं. छपरातून एका कोपऱ्यात पाणी ठिबकत होतं ते दाखवायला त्याने मला आत नेलं, आणि छप्पर राहिलं बाजूला, कागदच दाखवत बसला. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलं नाही.

वाटलं ते ३ जून २०२० नंतर. निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं, पण दापोली-मंडणगडही धुऊन नेलं. आमची पोफळीची बाग झोपली, पडवीचं छप्पर शेजारच्या खळ्यात. महिनाभर वीज नव्हती, ताडपत्री मागाल त्या भावाला मिळत नव्हती. पंचनाम्याला आले, तर घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं, एक काका मुंबईत, एकाचा पत्ता नाही. सातबारा, घरपट्टीची पावती, वारसांची संमती. पावत्या ज्या ट्रंकेत होत्या ती ट्रंक त्याच छपराखाली होती. मी चिडून ओरडलो, "घर दिसतंय ना समोर पडलेलं!" घर दिसतंय, ते कोणाचं हे दिसत नाही, असं उत्तर आलं. बरोबरच होतं ते. पैसे उशिरा का होईना, मिळाले. पण त्या दिवशी ओल्या पावत्या वळणीवर वाळत घालताना मला चाचाची पिशवी आठवली.

आता दुसरा पावसाळा. यंदा, म्हणजे २०२५ ला, पाऊस मे महिन्यातच आला. २५ तारखेला तळकोकणात मोसमी पाऊस पोचलासुद्धा. कोणाची आगोट, म्हणजे पावसाआधीची बेगमी, झाली नव्हती, होड्या शाकारून व्हायच्या होत्या. मी घाईघाईत ताडपत्री बांधली, दगडाची गाठ न मारता सरळ रिंगांना. चौथ्या दिवशी समुद्राकडच्या चार रिंगा कापडासकट निघाल्या. रिंगा लोखंडी, वर नुसतं पाणी दिलेलं. खाऱ्या हवेत एका वर्षात गंजल्या आणि गंजाने कापड कापलं. दुकानदार ॲल्युमिनियमच्या म्हणाला होता. चुंबक घेऊन जा, हा माझा सल्ला.

घडी घेऊन गेलो दुकानात. वेष्टनावर दोन वर्षांची हमी छापलेली, ती दाखवली.

"बिल?" शेठ म्हणाले.

बिल पहिल्याच पावसात शर्टाच्या खिशात लगदा झालं होतं.

"मला ओळखता ना तुम्ही? इथूनच नेली."

"ओळखतो की. पण हमी कंपनीची. आम्ही नुसती विकतो."

दुकानात पाजपंढरीचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, नायलॉनची दोरी मापून घेत होता. त्याला मी रोहिंग्यांच्या छावणीत होतो हे ठाऊक. दोरी मापता मापता म्हणाला, "काय ओ इंजिनियर, त्या लोकांना जायचं नाय का परत? आठ वर्सं झाली. बसमधे घालायची नि नदीपलीकडं सोडायची."

आता हा प्रश्न मला लग्नात, एसटीत, न्हाव्याकडे, सगळीकडे विचारलेला आहे. बहुतेक वेळा मी विषय बदलतो. त्या दिवशी बिलावरून डोकं तापलेलं होतं, म्हणून बसलो सांगत.

म्हटलं, बस आल्या होत्या. २२ ऑगस्ट २०१९. मी टेकनाफच्या बाजूलाच कामावर होतो. म्यानमारने ३,४५० माणसांची यादी मंजूर केली होती. शालबागान छावणीपाशी पाच बस आणि सामानाला ट्रक येऊन उभे. टेबलं मांडून एकेका कुटुंबाला विचारलं, जाता का. एकही माणूस चढला नाही. बस संध्याकाळी रिकाम्या गेल्या. त्याच्या आधी १५ नोव्हेंबर २०१८ ला असंच झालं होतं, तेव्हा तर यादीत नाव आलं म्हणून लोक छावणीतल्या छावणीत लपून बसले होते.

"फुकटचं खायला मिळतंय, कोण जाईल," शेठ म्हणाले.

२०२३ मध्ये त्या फुकटच्या खाण्याची रक्कम माणशी महिना बारा डॉलरवरून दहा, आणि दहावरून आठ केली. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये. दिवसाला बावीस. दापोली स्टँडवर वडापाव आणि वर चहा होत नाही त्यात. बाहेर काम करायला परवानगी नाही, भोवती काटेरी कुंपण. मजा म्हणून कोणी राहत नाही तिथे.

मग का जात नाहीत? कारण याआधी दोनदा जाऊन आलेत. हे इकडे कोणाला माहीत नसतं. १९७८ मध्ये लष्कराच्या मोहिमेत दोन लाखांवर पळून आले, दीड-एक वर्षात बहुतेक परत पाठवले. त्या वेळी छावण्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक पोरं, शिधा पोचत नव्हता म्हणून. १९९१-९२ मध्ये अडीच लाख आले, तेही परत गेले, बरेचसे जबरदस्तीने. आणि २५ ऑगस्ट २०१७ ला रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केल्यावर लष्कराने जी गावंच्या गावं जाळायला काढली, त्यात सात लाखांहून जास्त. आमचा चाचा दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा नाफ ओलांडून आला, तेविशीत दुसऱ्यांदा, आणि मग नातवाला खांद्यावर घेऊन तिसऱ्यांदा. तो मला म्हणाला होता, "जायचं आहेच. पण चौथ्यांदा पळून यायला पाय राहिले नाहीत."

तांडेलाने दोरी खाली ठेवली. "मंग अडलंय कुठं?"

कागदावर. १९८२ चा त्यांचा नागरिकत्वाचा कायदा. १८२३ च्या आधीपासून तिथे असलेल्या जमाती तेवढ्या मूळच्या. सरकारच्या यादीत १३५ जमाती आहेत, रोहिंग्या नाहीत. परत येणाऱ्याला जे पडताळणी कार्ड देऊ म्हणतात ते घेतलं की आपण परके आहोत असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं, म्हणून लोक ते घेत नाहीत. वर पुरावा मागायचा, तुम्ही इथलेच कशावरून. अरे, घर तुम्हीच जाळलंत, कागद त्यात जळले! कान क्या नावाचं एक गाव होतं. आधी जाळलं, मग बुलडोझर फिरवला, मग सरकारी नकाशावरून नावही काढलं. सातबारा सोडा, गावठाणच नाही. अशा माणसाला तुम्ही बसमधून नेऊन नेमकं कुठे उतरवणार?

शेठ थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "आपल्या सरकारनं काय घरं दिली होती ना?" हे त्यांना माहीत होतं याचं मला आश्चर्य वाटलं. दिली. मॉन्गडॉ भागात २५० तयार घरं, २०१९ मध्ये सुपूर्त केली. घरं उभी राहिली, माणसं नदीच्या अलीकडेच राहिली. मे २०२३ मध्ये वीस रोहिंग्यांना एक दिवसासाठी तिकडे नेऊन सोय दाखवली. त्यांनी पाहिलं, आले, आणि म्हणाले, ही छावणीच आहे, आम्हाला आमचं गाव पाहिजे. त्यांना ठाऊक होतं की तिकडेच राखाइन प्रांतात, सितवेला, २०१२ च्या दंगलीत हलवलेले लाखाच्या वर रोहिंग्ये, देश न सोडलेले, अजून छावण्यांतच आहेत. तात्पुरती सोय म्हणूनच गेले होते तेही.

"नि आता?" तांडेल.

आता तर आणखीच घोळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. मग आराकान आर्मी म्हणून तिथल्या राखाइन लोकांची सेना आहे, तिने डिसेंबर २०२४ मध्ये मॉन्गडॉ घेतलं. बांगलादेशला लागून असलेली सगळी हद्द आता त्यांच्याकडे. त्या लढाईत रोहिंग्यांना दोन्हीकडून मार बसला, दीड लाख माणसं नव्याने पळून आली. आणि एप्रिल २०२५ मध्ये लष्करी सरकार सांगतं, आठ लाखांच्या यादीतले एक लाख ऐंशी हजार परत यायला पात्र आहेत. यादी राजधानीत, नेपिडोला. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात.

तांडेलाने शेठकडे बघितलं. "म्हंजे हमी लिवून देणाऱ्याच्या हातात मालच नाय."

शेठ हसले नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरं वाटलं.

मग शेठनी थिबाचा, इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या म्हणजे म्यानमारच्या राजाचा, विषय काढला. रत्नागिरी जिल्ह्यात ब्रह्मदेशाचं नाव निघालं की थिबा येतोच. शाळेच्या सहलीत राजवाडा दाखवताना आमचे गुरुजी एक वाक्य दर वर्षी म्हणायचे, रत्नागिरीच्या टिळकांना मंडालेला ठेवलं आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरीला. टिळक १९१४ ला सुटून आले. थिबा १८८६ ला रत्नागिरीत आला तो डिसेंबर १९१६ ला इथेच मेला. राणीला १९१९ ला जाऊ दिलं, पण रंगूनपर्यंत, मंडालेला नाही. थोरली राजकन्या तिकडे जाऊन पुन्हा इथेच आली, रत्नागिरीकरच झाली. राजाचं थडगं अजून इथे आहे.

शेठना एक माहीत नव्हतं ते मी सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या शंभराव्या पुण्यतिथीला म्यानमारहून मोठमोठी माणसं रत्नागिरीला आली होती. उपराष्ट्रपती, राजाचे वंशज आणि सेनापती मिन आँग ह्लाइंग. परमुलखात मेलेल्या आपल्या राजाला वंदन करायला. नेमके त्याच महिन्यांत उत्तर राखाइनमध्ये त्याच सेनापतीच्या फौजेची मोहीम चालू होती आणि हजारो रोहिंग्ये नाफ ओलांडत होते. पुढच्या वर्षी ऑगस्टपासून सात लाख. थडग्यापाशी उभं राहून त्या माणसाच्या मनात काय आलं असेल, हे मी रत्नागिरीला गेलो की दर वेळी मनाशी म्हणतो. आणि मग बाजारात जाऊन खाजं घेतो.

असो. ताडपत्रीचं राहिलं.

शेठनी बदलून दिली नाही. पण पोऱ्याला हाक मारली, आतून पंच आणि पितळेच्या रिंगा आणायला लावल्या, फाटलेल्या कडेवर दुहेरी पट्टी ठेवून आठ रिंगा ठोकून दिल्या. पैसे घेतले नाहीत. त्या आठ रिंगांनी जूनपासून परतीच्या पावसापर्यंत धरलं, परवा कापलेलं भात झाकायलाही तीच उपयोगी पडली. कंपनीच्या रिंगांपैकी आणखी सहा गेल्या. उन्हाच्या बाजूचं कापड आता ताठ झालंय, घडी घातली की पांढरी रेघ उमटते, म्हणजे तिसरा पावसाळा ती काढणार नाही. आमच्या कामात या वस्तूचं आयुष्य वर्ष-दोन वर्षंच धरायचे. चाचाच्या डोक्यावरची किती वेळा बदलली ते त्यालाच विचारायला हवं.

पाचात तीन गुण. एक गुण मापाचा कापला, एक रिंगांचा. वजनाचाही कापला असता, पण दुकानाच्या सेवेचा तो परत देतो. घ्यायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, मे महिन्यात भाव चढतो आणि शेठना बोलायला वेळ नसतो.

मी पुढच्या आगोटीसाठी २५० जीएसएमची सांगून ठेवली आहे, पोटात काळ्या विणीची. शेठ म्हणाले, तशी इकडे कोणी मागत नाही, मुंबईहून मागवावी लागेल, अर्धे पैसे आगाऊ. दिले. बिल घेतलं, घरी येऊन प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलं.